अडावदच्या पुढे पेन्सिल

पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर
मी येता रविवार काढते आहे.
चोपडा डाव्या कोपऱ्यात, शिक्क्याएवढं.
डांबर निळ्या शाईने,
माती पेन्सिलीने,
कारण मातीचं काही सांगता येत नाही.

अडावदपर्यंत सगळी शाई.
डाव्या हाताला सातपुडा, तो काढावा लागत नाही,
तो असतोच.
उजवीकडे केळीच्या बागा,
घडांना निळ्या पिशव्या चढवलेल्या,
आणि मधून कापसाने फुगलेले ट्रक.
‘ते आपल्याला मोजतच नाहीत,’
कुमुद फिरके म्हणते,
म्हणून पहाटे पाचला निघायचं.
शिवाय जाताना ऊन डोळ्यांत,
दुपार कलल्यावर परततानाही डोळ्यांतच.
आमचं गावच चुकीच्या टोकाला वसलंय,
त्याला इलाज नाही.

अडावदपाशी शाई वळते उनपदेवाकडे.
तिथे कुमुदचा गुडघा
अर्धा तास गरम पाण्यात.
हे कलम तिनेच घातलं,
याच बोलीवर ती पेन्सिलीला तयार झाली.

पेन्सिल म्हणजे
डोंगराच्या पायथ्याने जाणारी गाडवाट.
मोबाइलच्या नकाशात एक राखाडी धागा,
जो कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरतो
आणि बाहेर येत नाही.

विचारायला सुभान तडवीच्या दुकानी गेले.
घमेल्यात ट्यूब दाबून तो बुडबुडे बघत होता.
‘रस्ता शे ना ताई,’ म्हणाला,
‘फक्त नालाले माहीत नही.’
मग ओल्या बोटाने फरशीवर
त्याने नाला काढला, बाभूळ काढली,
त्याच्या मामाचा बांध काढला
जिथे सायकल खांद्यावर घ्यायची.
मी पर्समधून स्लिप काढून
त्यावर उतरवून घेईपर्यंत
बाभूळ वाळून गेली होती.
तिची जागा मी अंदाजाने धरली आहे.

हवेचंही त्यानेच ठरवलं.
डांबराला टायर कडक लागतो, मातीला मऊ.
तर घरून कडक निघायचं,
डांबर संपेल तिथे उतरून
वॉल्व्हवर नख दाबायचं
आणि दहापर्यंत मोजायचं.
सावकाश, म्हणाला.
तुम्ही बँकवाल्या लोक भराभर मोजता.

बत्तीस वर्षं काचेआड
मी सगळं शाईने लिहिलं.
खाडाखोड दिसली की
समोरच्याला म्हणायचं, इथे सही करा.
आता हा नाला तीनदा खोडून झाला,
कागद तिथे सायीसारखा पातळ झालाय,
आणि सही मागायला कुणी नाही.

सोबत काय:
कळण्याच्या भाकरी सहा, ठेचा,
पंप एक, ठिगळाची डबी,
कुमुदचं क्रेप बँडेज.
केळी न्यायची नाहीत.
त्या रस्त्याला केळी घरून नेणं
म्हणजे लोकांचा अपमान.

जेवणाच्या सुट्टीत स्लिप कुमुदला दाखवली.
तिने चष्मा कपाळावर चढवला,
कागद उजेडाकडे धरला.
पलीकडची ‘खातेदाराची सही’
उलटी होऊन नेमकी डोंगरावर आली.
‘आणि परतायचं कुठून?’

ते मी काढलंच नव्हतं.
खरं सांगायचं तर आठवलंच नव्हतं.

ती काही बोलली नाही.
माझ्याच हातातून पेन्सिल घेऊन
पाटचारीच्या कडेने एक रेघ ओढत निघाली,
पट्टी न लावता, मान वाकडी करून,
शाळेत भूगोलाच्या तासाला करायची तशी,
इतकी दाबून, की अर्ध्या वाटेत
टोक मोडलं.

शार्पनर माझ्याकडे नव्हता, तिच्याकडेही नव्हता.
मोडल्या जागी काळा ठिपका राहिला.
बराच वेळ दोघी त्याच्याकडे बघत बसलो.
मग ठरलं,
भाकरी तिथे सोडायची.